शेवटचा सामना

खेळणाऱ्यापेक्षा खेळ पाहणाऱ्याला पराभव अधिक लागतो, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. खेळणारा निदान दमतो तरी. घाम गाळून, गुडघे फोडून घेऊन तो रात्री अंथरुणावर पडला, की झोप त्याला पराभवासकट पोटात घेते. आम्ही बघे मात्र न दमताच हरलेले असतो. ‘तो चेंडू जरा आधी टाकला असता तर?’ हा एकच प्रश्न छपराकडे पाहत आम्ही पहाटेपर्यंत उगाळतो, आणि सकाळी चहा पुढे ठेवताना सौभाग्यवती विचारते, “काल तुम्ही खेळलात का हो?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नसते.

माझे हे वेड बास्केटबॉलचे आहे. पांझरेकाठच्या पिंपळनेरात, मराठी शिकवणाऱ्या चाळिशीपलीकडच्या माणसाला ते कसे लागले, असे तुम्ही विचाराल. आमच्या बाजूला कुस्तीचे वेड असावे, कबड्डीचे असावे; क्रिकेटचे तर असतेच. पण महाविद्यालयाच्या मैदानावर दोन खांब उभे राहिले, त्यांना दोन कड्या लागल्या, आणि संध्याकाळी तास संपवून घरी जाताना मी कुंपणाशी थांबू लागलो. प्रथम पाच मिनिटे, मग अर्धा तास. शेवटी मुलींनाच संकोच वाटला असावा. “सर, आत येऊन बसा ना,” असे त्या म्हणाल्या, आणि मी आत गेलो तो गेलोच.

या खेळाचा जन्म एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला, हेही माझ्या जिव्हाळ्याचे एक कारण. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाच्या वाट्याला अठरा दांडग्या विद्यार्थ्यांचा वर्ग आला. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कवायतीला विटलेली पोरे! नेस्मिथने तेरा नियम लिहून काढले आणि शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून शिपायाने फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता. म्हणून आज जगभर कडी १० फुटांवर असते. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूला नऊ गडी होते आणि साऱ्या सामन्यात गोल झाला तो एकच. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आपल्याकडे कांद्याची टोपली चालली असती.”

तर, तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर आमच्या मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत जाऊन पोहोचल्या. सामना धुळ्याला होता. कप्तान मुलगी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका पाड्यावरची, तिसऱ्या वर्षाची, माझ्याच वर्गातली. तिचे वडील मुलीचा खेळ पाहायला त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते. कांद्याचे रोप टाकायचे सोडून आलेले. डोक्याला टोपी, हातात पिशवी. माझ्या शेजारी बसून ते मुकाट्याने पाहत होते.

या खेळातल्या घड्याळाची एक तऱ्हा आहे. १० मिनिटांचा एक, असे चार भाग असतात. पण पंचाची शिट्टी झाली की घड्याळही थांबते. त्यामुळे शेवटचे मिनिट संपता संपत नाही. दोन गुणांनी आम्ही मागे होतो आणि सात सेकंद उरले होते, तेव्हा शिट्टी झाली आणि सगळे जागच्या जागी थांबले. वडिलांना वाटले, सामना संपला. त्यांनी हळूच विचारले, “सर, काय व्हयनं?” मी म्हणालो, “नाना, अजून सात सेकंद आहेत.” ते पुन्हा सावरून बसले. त्या सात सेकंदांत त्यांच्या मुलीने फेकलेला चेंडू कडीवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

परतीच्या गाडीत साक्रीपर्यंत कोणी बोलले नाही. मग कप्तान मुलीने पायातले बूट काढले, फडक्याने पुसले आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीला म्हणाली, “तुला होतील बघ. नाही तर पुढे कापूस घाल.” त्या मुलीने बूट मांडीवर घेतले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. सामना हरल्याचे दुःख तोवर मला होत होते. हा प्रसंग पाहिला आणि ते दुःख बाजूला पडले.

हरण्याचे समाधान गणिताने करता येते. अमेरिकेत महाविद्यालयांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९३९ साली आठ संघांवर सुरू झाली. पुरुषांच्या त्या स्पर्धेत २०११ पासून ६८ संघ असतात. हरला तो घरी गेला, अशी बाद पद्धत. म्हणजे ६८ पैकी ६७ संघांचा शेवट पराभवानेच व्हायचा! पराभव हीच तिथली रीत. विजय हा अपवाद. हे मी मुलींना समजावून सांगितले आणि त्यांनाही ते पटले.

पण बुटांचे समाधान कोणत्या गणिताने करायचे? शहरातल्या मोठ्या संघांचे रसिक पुढच्या हंगामाकडे डोळे लावून बसतात. त्यांचा आवडता गडी पुन्हा मैदानात दिसतो. महाविद्यालयाचा संघ दरवर्षी थोडा मोडतो, आणि तीन वर्षांत सगळाच्या सगळा बदलतो. आपल्या कबड्डीत पूर्वीपासून दोन तऱ्हा सांगतात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. गामिनीत मात्र गेला तो गेला. सारा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे. तिसऱ्या वर्षाच्या मुलींचा डाव हा गामिनीचा डाव.

मुलांचे तितकेसे अडत नाही. गावात उन्हाळ्यात क्रिकेटचे सामने होतात. मास्तर, दुकानदार, ट्रॅक्टरवाले सगळे त्यांत खेळतात, पोट सुटले तरी खेळतात. मुलींना महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर असे मैदान नाही. तिकडेही आरंभी फार उदारपणा नव्हता. १८९६ साली स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुली बास्केटबॉल खेळल्या, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत मज्जाव होता. म्हणजे मी तिथे कुंपणाशीच उरलो असतो. त्याच देशात २०२४ साली महाविद्यालयीन मुलींचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर मुलांच्या सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला. यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, पण तो दिवस आला.

आपल्याकडे मात्र सासुरवाशिणीच्या खेळण्याची सोय फार जुनी आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, सण लेकींचा. त्या माहेरी येतात. झाडाला झोके बांधलेले असतात. गौराईची गाणी म्हणत त्या झोके घेतात. वर्षभर चूल आणि शेत सांभाळणाऱ्या बाईला झोका घेताना कोणी ‘आता हे वय आहे का?’ असे विचारत नाही. आमच्या आज्यांनी हा हक्क बिनबोभाट सांभाळला.

यंदाच्या आखाजीला ती कप्तान मुलगी माहेरी आली होती. सासर दूर, नाशिककडे. गुणपत्रिकेची एक प्रत हवी म्हणून महाविद्यालयात आली आणि काम आटोपल्यावर मैदानाकडे वळली. मुलींचा सराव चालू होता. कोणीतरी चेंडू तिच्याकडे टाकला. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि फेकला. चेंडू कडीला लागून बाहेर आला. तो आणायला इतर मुली धावल्या, पण त्यांच्या आधी तीच पोहोचली होती. पुढची वीस-पंचवीस मिनिटे ती कोणाशी बोलली नाही.

तेव्हापासून माझ्या मनाने घेतले आहे. पुढच्या आखाजीला माहेरी आलेल्या जुन्या मुली आणि सध्याचा संघ यांचा एक सामना व्हावा. क्रीडाशिक्षकांशी मी बोललो आहे. पंच मिळतील, चेंडू आहेत, मैदान त्या दिवसांत मोकळेच असते. सामन्याला पाचजणी लागतात. आतापर्यंत तिघींनी होकार कळवला आहे, आणि चौथीच्या सासूबाईंनी “बघू” असे म्हटले आहे.