स्कोन, ज्वारी आणि बाबांची शुगर

मंडळी, उस्मानिया बिस्कीट गोड की खारट? आमच्या घरात यावर एकमत नाही. बाबा नांदेडचे, ते म्हणतात खारट. आई लातूरची, ती म्हणते गोड. खरं तर त्यात दोन्ही असतं. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान, त्याच्या नावाचं हे बिस्कीट. सप्टेंबर 1948 पर्यंत आमचा मराठवाडा त्याच्याच संस्थानात होता, त्यामुळे आमच्या चहाची नाळ पुण्यापेक्षा हैदराबादशी जास्त.

असो. मुद्दा असा की बाबांना गेल्या वर्षी डायबेटिस निघाला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी 8.4 आली. डॉक्टरांनी बेकरी बंद केली. बाबांनी चहातली साखर सोडली, पण चार वाजता चहासोबत 'काहीतरी' लागतंच. आई डबा लपवते, बाबा शोधून काढतात, आणि दोघांच्या तक्रारी पुण्यात माझ्या मोबाईलवर येतात.

म्हणून मे महिन्यात एका विकांताला नांदेड गाठलं आणि स्कोन करायला घेतले. स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. यीस्ट नको, अंडं नाही घातलं तरी चालतं. सगळी गंमत थंड लोण्याची. लोण्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. तूप चालत नाही, त्यात पाणीच नसतं. (तूप घालून जे होतं त्याला आपण नानकटाई म्हणतो!)

आता नांदेडचा मे म्हणजे पारा 42 च्या वर. तिथे लोणी कसलं थंड राहतंय? उपाय सोपा: लोणी रात्रभर फ्रीजरमध्ये, सकाळी सहाला किसणीवर किसायचं, आणि तळवा न लावता बोटांच्या टोकांनी पिठात मिसळायचं.

"सक्काळी सक्काळी काय करलालास रे?" इति मातोश्री.

माप लिहून घ्या: 170 ग्रॅम कणीक, 80 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 60 ग्रॅम लोणी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, मीठ, ओवा, मिरची, कोथिंबीर आणि साधारण 150 मिली गार ताक. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. 220 अंशांवर 15 मिनिटं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून तर भाकरी थापताना नवशिक्याची फजिती होते. स्कोनला मात्र तेच हवं असतं, चिवटपणा येत नाही. आईसाठी वेगळा घाणा केला, गूळ, वेलची, मनुका घालून.

चव? एकदम झकास. पण खरी परीक्षा मीटरवर होती. एक खारा स्कोन खाण्याआधी 128, दोन तासांनी 171. ज्वारीचं झालं तरी पीठ ते पीठच. मॉलमध्ये 'डायबेटिक फ्रेंडली' लिहिलेले पुडे बघितले की माझं डोकं फिरतं ते यामुळेच.

मग तह झाला. चारच्या चहासोबत अर्धा खारा स्कोन, आणि त्या बदल्यात रात्रीची अर्धी भाकरी कमी. बाबा इतक्या पटकन 'हो' म्हणाले की मला शंकाच आली.

रात्री आईने गोडाचा डबा मोजला. आठ होते, सात निघाले.

"मांजर आली असेल," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.