मे महिन्यातली चादर

आमच्या जिल्ह्यात नवीन माणूस भेटला की आडनाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "घाटावरचे की घाटाखालचे?" बुलढाणा जिल्ह्याची ही वाटणी सरकारी कागदावर कुठं नाही, पण निवडणुकीच्या तिकिटापासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे चालते. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार आणि दोन्ही राजे, म्हणजे देऊळगाव राजा व सिंदखेड राजा, घाटावर. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. मी माहेर-सासर दोन्हीकडून घाटाखालची. भाऊ शाळेत मास्तर म्हणून बुलढाण्याला लागला, तिथंच घर बांधलं, आईला घेऊन गेला, आणि माझं माहेर घाट चढून वर गेलं.

यंदा मुलांनी डोंगराचा हट्ट धरला होता. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार-साडेचारची. वर्गातलं कुणी मनालीला जाऊन आलं होतं आणि बर्फात लोळतानाचे फोटो आमच्या मोबाइलवर येऊन पडले होते. आमचं कृषी केंद्र आहे. मे महिना म्हणजे कपाशीच्या बियाण्याची चौकशी, सोयाबीनची उगवण तपासणी, खतांच्या गाड्या. त्या दिवसांत मालकांनी दुकान सोडून हिमालयात जाणं म्हणजे वर्षाचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाला आंदण देणं. मग चिखलदऱ्याचं नाव निघालं. विदर्भाचं हक्काचं थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर, कॉफीचे मळे, गाविलगड, भीमकुंड. पण सुट्टीतल्या शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची जी रांग लागते, ती आम्ही आधी पाहिलेली होती. उन्हात उभ्या गाडीत दोन लेकरं सांभाळायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात भावाचा फोन आला. म्हणाला, "डोंगरच पायजे ना? मग घाट चढून इकडं या की."

मुलांना मी सांगितलं, आपण डोंगरावर राहायला चाललो. मामाकडं चाललो, असं मुद्दामच म्हटलं नाही.

आमचं गाव नांदुऱ्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या अलीकडं, खारपाणपट्ट्यात. ज्यांनी तिथला मे महिना काढलेला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. काळी माती भेगाळलेली, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि बोअरचं पाणी असं की कूलरच्या खसावर आठवड्याभरात पांढरा थर चढतो. तो थर नखानं खरवडला तर पापुद्रे निघतात. मग खस बदला, मोटार उघडा, पुन्हा तेच. मुलं दुपारभर त्या एका खोलीत कोंडलेली. अंगणात बाज टाकून झोपलं तरी रात्री एकपर्यंत भिंती गरम वाफा टाकत असतात.

एसटीनं निघालो. मालक आम्हाला सोडून दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. मोताळा गेलं, राजूर गेलं आणि घाट सुरू झाला. धाकटीला घाट लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणालाच तिनं माझ्या पदरावर सगळा नाश्ता काढला. थोरला खिडकीला नाक लावून बसलेला. "आई, आपण ढगात जाणार का?" मे महिन्यात ढग कुठले! धुरकट आभाळ, वाळलेलं गवत, निष्पर्ण सालई आणि मधूनच एखादा पिवळाधमक बहावा. पण वळणं संपत आली तशी खिडकीतून येणारी हवा बदलली. खाली तोंडावर फुफाटा येत होता. वर आल्यावर वारा लागला. गरमच, पण वारा.

इंग्रजांनाही हीच हवा मानवली असणार. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून त्यांच्या हाती आलं. पुढं आगगाडी आली ती घाटाखालून, मलकापूर-नांदुरा-शेगावावरून, पैशाचा कापूस घाटाखाली, बाजारपेठ खामगावला. पण जिल्ह्याची कचेरी त्यांनी नेऊन ठेवली वर, जिथं आजतागायत रेल्वे नाही. घाटाखालची माणसं अजून तारखेला, दाखल्याला, मोजणीच्या नकलेला घाट चढतात आणि चढताना त्या साहेबांचा उद्धार करतात. मला मात्र यंदा त्यांचं म्हणणं पटलं.

भावाच्या घरी पहिल्या रात्री गच्चीवर अंथरुणं घातली. बुलढाणा साडेसहाशे मीटरवर, आमचं गाव त्याच्यापेक्षा चारशेक मीटर खाली. भाऊ भूगोल शिकवतो. त्यानं हिशेब मांडला की हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, म्हणजे आपल्याला मिळाले जेमतेम अडीच. बाकीचं काम उघड्या पठारावरच्या वाऱ्याचं. पेपरात बघा, अकोल्याचा पारा 44 असतो तेव्हा बुलढाण्याचा बहुतेक 39-40 वर थांबलेला असतो. दुपारी 40 म्हणजे काही मनाली नव्हे, हे मलाही कळतं. पण पहाटे साडेचारला थोरल्यानं मला हलवून उठवलं आणि म्हणाला, "आई, चादर दे." मे महिन्यात! खाली आम्ही चादर ओली करून पांघरतो. शेजारी आई जागीच होती. "पहाटचं गार लागते बापा, पोट्ट्याइले पांघरून घाल," म्हणाली आणि कुशीवर वळली. त्या चादरीवर थोरल्याचा पूर्ण विश्वास बसला. डोंगरावर थंडी असते, आपल्याला थंडी वाजली, म्हणजे आपण डोंगरावर आहोत.

लहान मुलांना घेऊन डोंगरात जाणारे आपण मोठे लोक उगाच देखाव्यांच्या मागं लागतो. राजूर घाटाच्या माथ्यावर संध्याकाळी गावातली माणसं हवा खायला येतात. खाली सगळा पूर्णेचा सखल पट्टा पसरलेला, दिवे लागले की मोताळ्याकडचे ठिपके दिसतात. मी धाकटीला उचलून दाखवत होते, बघ, त्या तिकडं आपलं गाव. तिनं एकदा पाहिल्यासारखं केलं आणि खाली उतरून मुंग्यांची रांग बघत बसली. थोरल्याला मात्र मामानं दुसराच किडा डोक्यात सोडला. मामा म्हणाला, ही डोंगराची कड म्हणजे पाण्याची वाटणी. घाटाच्या अंगाला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला जातो, पूर्णा तापीला, तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. आणि पठाराच्या अंगाला पडलेला पाऊस पैनगंगेला. पैनगंगा इथंच मढच्या बुधनेश्वरापाशी उगवते, पुढं वर्धेला मिळते, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. एकाच ढगातलं पाणी, पण थेंब इकडं पडला तर पश्चिमेला, तिकडं पडला तर पूर्वेला.

दुसऱ्या दिवशी थोरला दोन बाटल्या भरून घेऊन निघाला. घाटमाथ्यावर रस्त्याच्या एका कडेला एक बाटली ओतली, पळत जाऊन दुसऱ्या कडेला दुसरी. मग उकिडवा बसून बघत राहिला. पहिला ओघळ धुळीत लोळत, काटक्या ढकलत घाटाकडं निघाला. दुसऱ्यानं थोडा विचार केला, डांबरावरून वळसा घातला आणि तोही घाटाकडंच निघाला. रस्त्याचा उतारच तसा काढलेला. दोन्ही बाटल्या अरबी समुद्राला. पोरगं रडकुंडीला आलं, "मामा, बंगालला काहीच नाही गेलं!" मग मामाला त्याला मोटारसायकलवर बसवून चिखली रस्त्याला येळगावच्या धरणापर्यंत न्यावं लागलं आणि पैनगंगेच्या पाण्यातच तिसरी बाटली ओतावी लागली. त्या धरणाला पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे गोडबोले दरवाजे आहेत; अभियंते लोक ते बघायला येतात. आमच्या अभियंत्यानं दरवाज्यांकडं पाहिलंही नाही. बाटली रिकामी झाली, बंगालचा हिशेब चुकता झाला आणि तो उसाचा रस पिऊन परत आला.

येळगावचं हेच पाणी बुलढाण्याला येतं, आणि उन्हाळ्यात ते रोज येत नाही. ही गोष्ट थंड हवेच्या गप्पांत कुणी सांगत नाही. नळ यायचा त्या दिवशी वहिनी पहाटेपासून टाकी, पिंपं, बादल्या, पातेली घेऊन उभी. चार माणसं जास्तीची आली की सर्वात आधी पिंप उतरतं, हे मला दिसत होतं. मी मुलांच्या आंघोळी एका बादलीत उरकायला लागले. पण पाणी गोडं. तुरीची दाळ दोन शिट्ट्यांत मऊ होत होती. आमच्याकडं सोडा टाकूनही ती ताटात टक्क बघत बसते. आईनं लग्न होऊन आल्यापासून सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलं. ती अजूनही दाळ शिजली की झाकण काढून एकदा बोटानं दाबून बघते आणि खूश होते.

कुरडया त्याच आठवड्यात होत्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, सत्त्व खाली बसलेलं. गच्चीवर उन्हं चढायच्या आत चुलीवर चीक शिजवायचा, आणि तो शिजवणं हे दोन बायांचं काम. वहिनीनं पातेलं सांडशीनं धरलं, मी लाकडी दांड्यानं घोटत राहिले. आधी ताकासारखा पातळ, मग एकदम हात जड होतो, दांडा फिरेनासा होतो, आणि पांढऱ्याचा रंग पारदर्शक होत जातो. त्या वेळी थांबलं तर गुठळ्या. मुलं वाट्या घेऊन रांगेत. गरम चिकावर तेल, तिखट, मीठ, धाकटीला साखर. तिनं वाटी चाटून पुसून खाल्ली आणि जाहीर केलं की डोंगरावरचा बर्फ फार छान लागतो. कुणीही तिला दुरुस्त केलं नाही.

लोणारला गेलो नाही. एवढ्या जवळ येऊन जगप्रसिद्ध सरोवर न बघणं भावाला खटकत होतं. पण एवढ्या खोल विवरात भर मेमध्ये उतरायचं, आणि पोटऱ्या भरल्या की धाकटीला कडेवर घेऊन वर चढायचं. ते हिवाळ्यावर टाकलं. त्याऐवजी पहाटे ज्ञानगंगा अभयारण्यात गेलो, बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या बोथ्याच्या जंगलात. 205 चौरस किलोमीटरचं हे जंगल अस्वलांसाठी ओळखलं जातं. अस्वल दिसलं नाही. दिसलं ते अस्वलानं उकरलेलं वारूळ. गाईडनं जीप थांबवून दाखवलं: कमरेएवढं वारूळ एका बाजूनं फोडलेलं, लाल माती ओलसर, आणि आत नखांचे लांब ओरखडे. "रातचंच काम आहे," तो म्हणाला. उरलेल्या वाळव्या अजून सैरावैरा पळत होत्या. थोरल्याचे डोळे त्या ओरखड्यांवरून हटेनात. खरं अस्वल समोर असतं तर पोरं घाबरून माझ्या कुशीत शिरली असती. ओरखडे बघताना अस्वल त्यांच्या मनात हवं तेवढं मोठं होत होतं. पुढं रोही दिसल्या, वानरं दिसली, पाणवठ्यावर मोर दिसला. मोर आमच्या शेतातही येतो, त्यामुळं त्याला फारसा मान मिळाला नाही.

मग गाईडनं वाघाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट खरी आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडाला घरून निघाला. तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला, शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत रात्रीचा चालत राहिला आणि डिसेंबरात इथं ज्ञानगंगेत पोचला. सगळी भटकंती मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. कॉलरमुळं त्याचा माग लागत होता म्हणून जगाला कळलं. त्याचं नाव 'वॉकर' पडलं.

"तो कशाला निघाला होता?" धाकटीनं विचारलं.

"पोरगी पाहायला," गाईड म्हणाला.

"मग भेटली?"

"इथं वाघीणच नव्हती न बाई."

जीपमध्ये थोडा वेळ शांतता. मग थोरल्याचा प्रश्न आला, त्याला मळमळलं नाही का घाटात? त्यावर गाईडनं गाडी चालू केली.

परतताना बोथ्यावरूनच खामगावला उतरलो. घाट उतरताना दर वळणाला हवेचा एकेक थर बदलत होता. शेवटच्या वळणावर खिडकीतून जो झोत आला त्यानं बसमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी तोंडाला रुमाल बांधले. खामगावात मालक गाडी घेऊन उभे होते. शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, बाहेर कचोरी खाल्ली आणि अंधार पडता पडता घरी पोचलो.

सासूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मुलांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. चादर, वाघ, बंगाल, अस्वलाची नखं आणि बर्फ, सगळं एकात एक. बर्फ कुठून आला, हे त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं. मी चिकाचं सांगितलं. त्या हसल्या, पंखा हातात घेतला, वारा घेत थोडा वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या,

"पुढच्या साली मलेही न्या. पण नळ किती दिवसानं येते, ते पयले इचारून घ्या."