पत्रादेवीच्या अलीकडून दिलेलं मत

23 जून 2016 ला स्विंडनमध्ये मी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने फुली मारली. माझा पासपोर्ट तेव्हा भारतीय होता. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल तर त्याला इथे मत देता येतं. ज्यांच्या राहण्या-कमावण्याचा प्रश्न त्या मतपत्रिकेवर होता, त्या माझ्या पोलिश, रुमानियन आणि पोर्तुगीज शेजाऱ्यांना मात्र मत नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आणि त्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलं नाही. आज फार वाटतं.

माझा खरा राग पोर्तुगीज पासपोर्टवर होता. माझं माहेर बांद्याचं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, पेडणे तालुका. बोली जवळपास तीच, शेती तीच, सोयरीक दोन्हीकडे. पण गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला त्या 19 डिसेंबर 1961 च्या आधी नाक्यापलीकडे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. लिस्बनला जन्माची नोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की तेव्हा थेट विमानात बसता यायचं, कारण तो युरोपचा पासपोर्ट. स्विंडनच्या गोदामांत आणि कारखान्यांत अशी गोंयकार माणसं हजारोंनी कामाला होती. मी 2003 साली नर्स म्हणून आले ती वर्क परमिटवर. फी, परीक्षा, पोलिसांचे दाखले, मग कायम राहण्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षांची वाट. माझ्या भावाचा व्हिसा नाकारला गेला त्याच महिन्यात शेजारच्या पेडणेकरांचा पुतण्या येऊन कामालाही लागला. ते माझ्या मनात सलत राहिलं.

त्या सलण्याला कारण अगदीच नव्हतं असं नाही. ब्रिटिश सरकारला देशात येणारे आणि देशातून जाणारे यांच्यातला फरक वर्षाला एक लाखाच्या आत आणायचा होता. युरोपीय लोकांना अडवता येत नव्हतं, म्हणून लगाम आमच्यावर बसला. 2011 पासून युरोपबाहेरच्या कुशल कामगारांना वर्षाला 20,700 ची मर्यादा. 2012 मध्ये शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसाच बंद. सार्वमताच्या प्रचारात तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल इथल्या करी हाउसवाल्यांना सांगत होत्या की युरोपातून येणारे कमी झाले की दक्षिण आशियातून आचारी आणता येतील. मला ते पटलं. त्यांच्यासाठी दार लागलं की आमच्यासाठी उघडेल, इतका सरळ हिशेब मी केला. पंगतीत मोजून मांडलेल्या पानांसारख्या नोकऱ्याही मोजक्याच असतात, एक उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही, असं मी धरून चालले होते.

मी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. तेव्हा रोटा, म्हणजे कुणी कधी कामावर यायचं ते, लावायचं काम माझ्याकडेच होतं. 2016 नंतर युरोपातून नव्याने येणाऱ्या नर्सांचा आकडा कोसळला. त्याच वर्षी त्यांना इंग्रजीची परीक्षा सक्तीची झाली हेही एक कारण होतं, पण आमच्या होममधल्या दोघी पोर्तुगीज केअरर, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या, मला सांगून गेल्या की आता इथे राहावंसं वाटत नाही. लाँड्रीतली पोलिश बाई गेली. मग कोविड आला. 2021 मध्ये युरोपीयांची येण्याजाण्याची मोकळीक संपलेली होती आणि त्या जागांवर इंग्रज माणूस येईना. ट्रक ड्रायव्हरांचा तुटवडा पडला तेव्हा त्यांचे पगार खरोखर वाढले. आमच्याकडे तसं झालं नाही, कारण आमच्या बऱ्याचशा खाटांचे पैसे काउन्सिल देते आणि काउन्सिलने दर वाढवल्याखेरीज मालक पगार वाढवत नाही. बायका सुपरमार्केटमध्ये जायच्या. तिथे तासाचे पैसे जास्त आणि कुणाला उचलायला लागत नाही.

रोटा रिकामा म्हणजे काय, ते हॉइस्टपाशी कळतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पट्ट्यात घालून खुर्चीत बसवायचं तर दोन माणसं लागतात. एकाने यंत्र धरायचं, दुसऱ्याने पाय आणि मान सांभाळायची. मजल्यावर एकच केअरर असली की म्हाताऱ्यांना दुपारपर्यंत पलंगावरच ठेवावं लागे. नव्वदीच्या एक आजी रोज सकाळी आठला पलंगावर केस विंचरून तयार असायच्या. एके दिवशी त्यांना मी दुपारी एकला खुर्चीत घेतलं, तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या हातासमोर मला माझा हिशेब पहिल्यांदा चुकीचा वाटला.

तरी दुसरी चूक मी त्यानंतरच केली. फेब्रुवारी 2022 मध्ये केअररसाठी परदेशातून माणसं आणायची सोय झाली. तेव्हा इंग्लंडभर या क्षेत्रात दीड लाखाहून जास्त जागा रिकाम्या होत्या. मी मत देताना जे मागितलं होतं ते मिळालं: युरोपीय गेले, भारतीय, नायजेरियन, झिंबाब्वेचे लोक आले. परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना त्यापुढच्या वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्यांमधल्या फरकाचा आकडा नऊ लाखांवर गेलेला दिसला. कुडाळच्या माझ्या भाचीला मीच कळवलं, ये म्हणून. एजंटने काही लाख रुपये मागितले. स्पॉन्सरशिप, म्हणजे परदेशी माणसाला कामावर घ्यायची मालकाची हमी, विकायची नसते, त्यासाठी असे पैसे घेणं बेकायदेशीर आहे, हे मला कळायला हवं होतं. मी बहिणीला म्हटलं, कर्ज काढ, वर्षात फिटेल. करारही मी नीट वाचला नाही.

भाचीला घरोघरी जाऊन सेवा करायचं काम मिळालं. आठवड्याला एकोणचाळीस तास कागदावर. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही नाहीत. एका घरून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे नाहीत. एका रात्री तिचा फोन आला, “मावशे, हय सोडून दुसरीकडे काम करूक गावतला काय गो?”

गावतला, पण परदेशी माणसं घ्यायचं सरकारी लायसन्स असलेला दुसरा मालक स्पॉन्सर म्हणून मिळाला तरच. पेडणेकरांचा पुतण्या गोदामातला सुपरवायझर शिव्या देतो म्हणून शुक्रवारी काम सोडून सोमवारी दुसरीकडे लागला होता. त्याच्या पासपोर्टचा मला हेवा होता तो विमानतळावरच्या रांगेपुरता. त्याच्यापाशी खरी मोलाची गोष्ट होती ती काम सोडून जायची मोकळीक, आणि तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ज्याला सोडून जाता येतं त्याला मालक जपून वागवतो, आणि त्याचा फायदा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या इंग्रज कामगारालाही होतो. भाचीसारख्या हजारो जणी मालकाशी बांधल्या गेल्या तेव्हा कमी पगाराबद्दल तोंड उघडणारंच कुणी उरलं नाही. युरोपीय कामगारांमुळे इथल्यांचं वेतन सरासरीने फारसं घसरलेलं नाही, असं सरकारच्याच सल्लागार समितीने 2018 मध्ये सांगितलं होतं. ते मी वाचलं तेव्हा मत देऊन दोन वर्षं उलटली होती.

पुढे तिच्या मालकाचं लायसन्स सरकारने काढून घेतलं. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात या क्षेत्रातली 470 हून अधिक लायसन्सं गेली. त्यांच्याशी 39 हजारांहून जास्त कामगार जोडलेले होते. चूक मालकाची, पण गृहखात्याचं पत्र आलं की 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा किंवा देश सोडायचा, तो कामगाराने. एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या मालकांनी आधी अशा अडकलेल्यांना घ्यावं असा नियम झाला. भाचीला तोवर एका होमने घेतलं होतं. तिच्या कर्जाचे हप्ते आता मी भरते. बहीण माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही.

सावंतवाडी-कुडाळकडून मला अजून फोन येतात, केअररचं काही जमेल का म्हणून. परदेशातून नवे केअरर आणायचा तो रस्ता 22 जुलै 2025 ला बंद झालाय, हे मी प्रत्येकीला सांगते. एजंट अजूनही पैसे मागतोय असं बऱ्याच जणी म्हणतात. त्याचा नंबर आणि त्याने पाठवलेलं पत्र मला पाठवा आणि तोवर एक रुपयाही देऊ नका, असं मी सांगते. पत्र मग मी ओळ न् ओळ वाचते.