दादाचे पित्त

आमच्या दादाची दारू हा घरात न उच्चारण्याचा विषय होता. पाहुणे आले की दादाला ‘पित्त’ होई. मी मास्तर, त्यातून चार कादंबऱ्यांचा धनी! गावातला मान सांभाळण्यासाठी ते पित्त मी पंधरा वर्षे मनोभावे जपले.

दादाकडे पाहणारी माणसे थोडी नव्हती. डॉक्टर यकृत पाहत, पोलीस त्याला रस्त्यावरून उचलून घरी सोडत. परंतु एकाचे दुसऱ्यास ठाऊक नसे. एकदा वहिनीने बाटल्या फेकून दिल्या. मी तिला शाबासकी दिली. तिसऱ्या रात्री दादाचे हात थरथरू लागले, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, पहाटे फीट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-चार दिवसांत असे होऊन जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांना माहीत होते. बाटल्या फेकल्याचे मात्र माहीत नव्हते. आमचे नेमके उलटे.

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या गावी एक शिबिर भरले. व्यसनी माणसांशी ज्यांचा कामानिमित्त संबंध येतो, त्यांनी एकमेकांबरोबर काम करावयास शिकावे, हा हेतू. शाळेतून मला धाडले. (चित्रकलेचे तास बुडाले तरी कुणाचे काही बुडत नाही, अशी हेडमास्तरांची समजूत आहे.) डॉक्टर, नर्सबाई, दोन पोलीस, आशाताई अशी मंडळी होती. शिकवावयास एक मानसोपचारतज्ज्ञ बाई, आणि शेजारच्या खुर्चीवर एकेकाळचा गर्दुल्ला. ती बरोबरीची खुर्ची काहींना बोचली. वास्तविक त्यात नवे काही नव्हते. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण काढले. तेथेही बरे झालेले रुग्ण कार्यकर्ते म्हणून उभे राहिले.

बाईंनी फळ्यावर एका कल्पित रुग्णाचे चोवीस तास आखले. तो आपल्याला केव्हा भेटतो, तेथे प्रत्येकाने रेघ मारावयाची. डॉक्टरांची रेघ सकाळी, पोलिसांची मध्यरात्री. संध्याकाळी सहा ते नऊ फळा कोरा.

“हीच तर पिण्याची वेळ. तेव्हा त्याच्याजवळ कोण असते?”

कुणी बोलेना. शेवटी मीच म्हणालो, “बायको.”

“मग तिला काय ठाऊक आहे, हे कुणी विचारले?”

मी चष्मा पुसू लागलो.

दुपारी वाद पेटला तो गुपितांवरून. रुग्णाची माहिती गुप्त राखावी असे २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो. मग एकमेकांशी बोलायचे कसे? बाई शांतपणे म्हणाल्या, “त्याला विचारून. काय सांगायचे आणि कुणाला, हेही त्यालाच विचारून.”

पंधरा वर्षांत आम्ही दादाला रागे भरलो, शपथा घातल्या, अंगारे लावले. विचारले काहीच नव्हते.

त्या रात्री विचारले. तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आधी हिला विचार. तिला सगळे ठाऊक आहे.”

वहिनी, डॉक्टर आणि नर्सबाई प्रथमच एका टेबलाशी बसल्या. त्यानंतर दादा उपचारांसाठी दाखल झाला. श्रावणात त्याचा पाय पुन्हा घसरला; पण या खेपेस वहिनीने बाटली फेकली नाही, नर्सबाईंना फोन केला. रात्रीच हालचाल झाली, फीट आली नाही.

हल्ली सहा वाजले की दादा माझ्या शेजारी आकाशकंदिलाच्या कामट्या बांधायला बसतो. हात अजून थोडे कापतात. परवा पाहुणे यायचे आहेत. त्यांना काय सांगायचे, हे मी त्यालाच विचारले.

“जे आहे ते सांग,” तो म्हणाला. “आणि खळ वाळली का बघ.”