मालागातला खडू

माझ्यासारखी बाई या वयात दारूच्या दुकानात शिरली, हे वाचून आमच्या नात्यातल्या एकदोघींच्या भुवया वर जाणार. जाऊ देत.

2024च्या ऑक्टोबरात परदेशी मुलाकडे होते, तेव्हा त्याने आम्हाला दोन दिवस दक्षिण स्पेनमधल्या मालागाला नेलं. तिथल्या आलामेदा या मोठ्या रस्त्यावर 'आन्तिग्वा कासा दे ग्वार्दिया' हे 1840 सालचं वाइनचं दुकान आहे. "आई, पाच मिनिटं बघून तर येऊ," मुलगा म्हणाला. मी दारातच थबकले.

आमचे अण्णा प्यायचे. मुलाला हे मी कधी सांगितलं नव्हतं. मी आठनऊ वर्षांची असेन. 1949च्या कायद्याने दारूबंदी होती, म्हणून सगळं चोरून, ओढ्याकाठच्या झोपडीत. आई मला त्यांना बोलवायला पाठवायची. बाहेरून "अण्णा, जेवायला चला" म्हटलं की आतली माणसं हसायची. तो आंबूस वास अजून नाकात आहे.

इथेही वास होता, पण जुन्या लाकडाचा आणि मनुकांचा. इथल्या गोड वाइनसाठी द्राक्षं आधी उन्हात सुकवतात म्हणे. लांबलचक लाकडी काउंटर, मागे काळपट पिंपांची रांग, आणि पिंपाच्या तोटीतून वाइन थेट ग्लासात. खुर्च्या नाहीत, सगळे उभे. माझ्याच वयाच्या दोघी आजीबाई काउंटरवर पर्स ठेवून, एवढ्याशा ग्लासातून घोट घेत गप्पा मारत होत्या. अगदी आपल्याकडे भाजी निवडताना बसावं तशा निवांत.

हिशोब काउंटरच्या लाकडावरच, खडूने! मुलाने वाइन घेतली, एक आकडा. कोळंबी मागवली, त्याखाली दुसरा. छत्तीस वर्षं खडू हातात धरलेली मी, समोरून उलटे आकडे वाचून बेरीज तपासली. बरोबर होती. पैसे दिल्यावर त्या माणसाने ओलं फडकं फिरवलं, झालं.

अण्णांची उधारी आई चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायची. ते गेल्यावर चार वर्षं ती फेडत होती. शेवटचा रुपया दिला त्या दिवशी तिने भिंत सारवली.

हे सगळं तिथे उभ्याउभ्याच मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "घोटभर बघतेस?"

ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. कोळंबी मात्र खाल्ली. मीठ जरा जास्त होतं.