लोणारच्या काठावर

दरवर्षी वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. कामावरून आलेली माणसे हातपाय धुऊन रात्री साडेआठला जमतात. गेल्या वर्षी ईश्वराविषयीचा भाग निघाला आणि वाचन तिथेच थांबले. एका तरुणाने विचारले, "देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केले आहे का?" दुसरा म्हणाला, "आहे हे तरी कुणी सिद्ध केले?" दोघांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी म्हणाल्या, "पोरांनो, असंल नाहीतर नसंल. पण ते कळायचं कसं, ते सांगा."

आजींचा प्रश्न सर्वांत अवघड होता. त्या रात्री तो कुणाला सुटला नाही.

वर्षावास संपला की आम्ही सहल काढतो. एरवी लेणी पाहतो. या वेळी ठरले, लोणारला जायचे. देवाची कथा आणि विज्ञानाचा पुरावा जिथे एकाच जागी उभे आहेत, ते ठिकाण मुलांना दाखवायचे.

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे पाचला मिनीबस सुटली. बरोबर भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे दोन कॅन. जालना मागे पडले, मंठा आले. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि पाठीला ओटी बांधून बाया वेचणीला लागल्या होत्या. गावाच्या वेशीवर निळा झेंडा दिसला की आमची पोरे खिडकीतून 'जय भीम' म्हणून ओरडत आणि शेतातून एखादा हात वर होई.

लोणार हे बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गावाबाहेर चालत गेलो आणि जमीन एकाएकी संपली. समोर भलीमोठी वाटोळी परात ठेवावी तसा खड्डा. वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खोल, म्हणजे चाळीस मजली इमारत आत उभी केली तरी ती काठावर डोके काढणार नाही. उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. पाणी खारट आणि क्षारयुक्त. बडबडणारी पोरेही क्षणभर गप्प झाली.

आधी आम्ही गावातले दैत्यसूदन मंदिर पाहिले. दगडातले कोरीव काम पाहण्यासारखे आहे. ज्या हातांनी ते घडवले, त्या हातांची नावे कुठे नाहीत, हेही मुलांना सांगितले. कथा अशी की, लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहत होता. विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला ठार केले. तो खड्डा म्हणजे हे सरोवर आणि खारे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त.

आता विज्ञानाचे ऐका. आपले सारे दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनले. म्हणून बरीच वर्षे अभ्यासकांना वाटे की, हाही ज्वालामुखीचाच खड्डा असणार. तर्क चुकीचा वाटत नव्हता. पण तर्कावर न थांबता त्यांनी खड्ड्यातले दगड खोदून तपासले. त्यांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. दगडातल्या खनिजावर अफाट आघात झाला तरच ती तयार होते, ज्वालामुखी ती बनवू शकत नाही. १९७३ मध्ये हा पुरावा जगापुढे आला आणि लोणार हे उल्केच्या आघाताने झालेले विवर ठरले. या आघाताचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे धरले होते. पुढे अधिक चांगल्या पद्धतीने मोजल्यावर ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले.

हे ऐकून आमच्या तरुणाने विचारले, "म्हणजे विज्ञान दोनदा चुकले?" होय, चुकले. पण चूक शोधली कुणी? विज्ञानानेच. लवणासुराच्या कथेत आजवर एक अक्षर बदललेले नाही, कारण ती तपासण्याची सोयच नाही. जे तपासता येते तेच सुधारता येते. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक नाना तर्क करू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा फार खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. रंग त्यांचा होता.

इथवर आमची छाती फुगली होती. आता खरे तेच लिहायचे, म्हणून पुढचे लिहितो.

काठालगत 'धार' नावाचा झरा आहे. तो बारमाही वाहतो. तिथल्या एका गृहस्थांनी सांगितले की, ही काशीची गंगाच इथे आली आहे. पठारावर मुरलेले पावसाचे पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून झिरपते आणि विवराच्या कडेला बाहेर पडते, हे आम्ही मुलांना समजावत होतो. तेवढ्यात दिसले की, आमच्या बरोबरच्या एक ताई पाठमोऱ्या बसून बाटली भरून घेत आहेत. शेजारी त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याला फिट येतात, हे वस्तीत सर्वांना ठाऊक.

आम्ही चारचौघांत आवाज चढवला. "ताई, बावीस प्रतिज्ञा विसरलात का?"

ताईंनी बाटलीचे झाकण लावले आणि शांतपणे म्हणाल्या, "पाठ आहेत, भाऊ. पण रात्री दोन वाजता पोरगं हातपाय झाडतं, तेव्हा मी कुणाला विचारू? डॉक्टर म्हणाले, तपासण्या केल्या, कारण सापडत नाही. तुमच्या विज्ञानालाही माहीत नाही. मग पाणी भरलं तर काय बिघडलं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा आईचा पदर धरून आमच्याकडे बघत होता. खाली मान घालून आम्ही बाजूला झालो.

झाडाखाली भाकरी खाताना तोच विषय निघाला. आम्ही पेशाने कारकून. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतो. त्याचा अर्थ एवढाच की, ही रक्कम कशाची ते अजून सापडलेले नाही, शोध चालू आहे. त्या रकमेपुढे कुणाचे तरी नाव लिहून वही बंद केली, तर ती लबाडी ठरेल. निसर्गाच्या हिशेबातही असे उचंत खाते आहे आणि ते मोठे आहे. 'देवाने केले' म्हणणारा त्या खात्यावर नाव टाकून वही मिटतो. 'अजून माहीत नाही' म्हणणारा वही उघडी ठेवतो.

आजी म्हणाल्या, "मग कळायचं कसं, त्याचं काय?" तेव्हा ग्रंथातला वासेठ्ठ आणि भारद्वाज यांचा प्रसंग आठवला. ब्रह्माला मिळण्याचा खरा मार्ग कोणता, यावर ते दोघे तरुण वाद घालत होते. तथागतांनी विचारले, तुमच्या गुरूंपैकी, गुरूंच्या गुरूंपैकी कुणी ब्रह्माला पाहिले आहे काय? उत्तर आले, नाही. वाडा कुठे आहे हे ठाऊक नसताना चौकात जिना बांधणाऱ्या माणसासारखेच हे झाले. जे कुणी पाहिले नाही, ज्याचा पडताळा नाही, त्याच्यावर जीवन उभारू नका, हाच परमपूज्य बाबासाहेबांच्या लिखाणाचाही रोख आहे. आजींनी मान हलवली.

पण ताईंचे काय? मालुंक्यपुत्ताला तथागतांनी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कुणी मारला, धनुष्य कसले होते, हे कळेपर्यंत बाण काढू नका म्हणणारा मरून जाईल. आधी बाण काढा. आम्ही मात्र बाण लागलेल्या बाईला प्रतिज्ञा विचारत होतो!

मग नीट विचारपूस केली. तेव्हा कळले की, दोन महिने मुलाच्या गोळ्याच बंद आहेत. दवाखान्यात साठा संपला होता, बाहेर विकत घ्यायला पैसे पुरत नव्हते आणि रांगेत उभे राहावे तर दिवसाची मजुरी बुडते. देवाच्या प्रश्नावर दोन रात्री वाद घालणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना हे ठाऊकच नव्हते.

परत आल्यावर महिला मंडळाने पाळी लावली. दर महिन्याला एकजण ताईंबरोबर दवाखान्यात जाते. साठा नसेल त्या महिन्याच्या गोळ्या विहाराच्या दानपेटीतून. वाचकहो, तुमच्या वस्तीतही असे मूल असेल, म्हणून सांगतो. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कारण सापडले नाही तरी योग्य औषधाने दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात.

ताईंचा मुलगा आता नियमित शाळेत जातो. मध्यंतरी एकदा फिट आली होती. कारण अजून सापडलेले नाही. धारेच्या पाण्याची ती बाटली ताईंकडे आहे की नाही, हे आम्ही विचारले नाही. ज्या घरात रात्री दोन वाजता हाक मारायला माणूस असते, तिथे बाटलीची गरज आपोआप कमी होते, असे आम्हाला वाटते.

बांधवहो, लोणारला जरूर जा. मुलांना विवर दाखवा, दगड कसे बोलतात ते सांगा. देव कळतो का, हेही निर्भयपणे विचारू द्या. मात्र परतताना शेजारच्या घरात बाण कुणाला लागला आहे, तेही पाहा.

जय भीम!