आईचा चाफा

दादा गेले तेव्हा त्यांची रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. आपल्याच काळ्या रानात मी खड्डा काढला, त्यात रक्षा घातली आणि वर सोनचाफ्याचं कलम लावलं. दादांना ते फूल आवडायचं. कलम मामेभावानं कोकणातून आणलेलं, पिशवीत लाल माती.

दोन महिन्यांत पानं पिवळी पडली, कडा करपल्या, शेंड्यानं मान टाकली. आई सकाळ-संध्याकाळ घागर ओतायची. मी मूठभर युरिया टाकला. पानगळ वाढतच गेली.

"त्यांचं कायतरी मागं ऱ्हायलंय रं," आई म्हणायची. मला ते ऐकवत नव्हतं.

शेवटी शेजारच्या तात्यांना आणलं. त्यांनी नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"जित्तं हाय."

मग बुडाशी बोटं खुपसून माती माझ्या नाकाजवळ धरली. कुजका वास. कलमाचा सांधा मी मातीत पुरून टाकला होता. एका बाजूनं उकरलं तर खड्ड्याच्या कडा कुदळीनं लिंपल्यासारख्या गुळगुळीत, तळाला पाणी साठलेलं. मुळ्या अजून पिशवीतल्यासारख्या लाल मातीभोवतीच गोल फिरत होत्या. काळ्या रानात एकही शिरली नव्हती.

"हे तहानलं न्हाई, बुडालंय," तात्या म्हणाले. "मुळीला हवा न्हाई. कुजली की तिला पाणी वढता येत न्हाई. मग पान सुकतंय, आन् आपण आणखी पाणी घालतो."

आई घागर घेऊनच उभी होती. तिनं ती हळूच खाली ठेवली.

"वैनी, तुमचं न्हाई चुकलं. काळं रान पाणी सोडत न्हाई."

चूक खड्ड्याची होती आणि खड्डा माझा होता. पण मला ते तिथं बोलता आलं नाही.

झाड उचललं. कुजक्या मुळ्या छाटल्या, गोल फिरलेल्या मोकळ्या केल्या. मुरूम, शेणखत मिसळून उंचवटा केला आणि सांधा मातीच्या वर वीतभर ठेवून झाड पुन्हा लावलं. वर बाटुकाची सावली केली. जुन्या खड्ड्यातली रक्षा मिसळलेली माती आईनं स्वतः ओंजळीनं उचलून त्या उंचवट्यात घातली.

आता ती रोज सकाळी मातीत बोट घालून बघते. ओल लागली तर भरली घागर तशीच परत आणून तुळशीला, जास्वंदीला वाटून टाकते. चाफ्याला दोन नवी पानं आलीत. फूल अजून नाही.

पण काही मागं राहिल्याचं आई आता बोलत नाही.